राज्यपालांच्या पत्नी कोल्हापुरात येणार असतील तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राज्यपालांच्या पत्नींना आपल्या कार्यक्रमाला बोलवावं असं कोल्हापुरातल्या अनेक महिला मंडळांना, शाळांना, वसतिगृहांना आणि बचत गटांना वाटतं. पण पत्र कुणाला लिहायचं, बसवायचं कुठं, राष्ट्रगीत वाजवायचं का, ओटी भरायची का, इथं गाडं अडतं. नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथं एकत्र दिली आहेत. राज्यपाल महिला असतील आणि त्यांचे पती येणार असतील, तरी यातलं जवळपास सगळं तसंच लागू पडतं.

राज्यपालांची पत्नी हे पद आहे का?

नाही. राज्यघटनेच्या १५३ व्या कलमापासून पुढं राज्यपालांची नेमणूक, मुदत, पात्रता, शपथ आणि अधिकार यांची तरतूद आहे. त्यात जोडीदाराला कुठलंही काम नेमून दिलेलं नाही. त्यांना शपथ नाही, पगार नाही, सहीचा अधिकार नाही. ३६१ व्या कलमानं राज्यपालांना न्यायालयीन कारवाईपासून जे संरक्षण मिळतं, तेही फक्त राज्यपालांपुरतंच असतं. ‘राज्याच्या प्रथम महिला’ असं वर्तमानपत्रं लिहितात, तो मानाचा भाग झाला. कायद्यात तसा किताब नाही.

हे आधी पक्कं समजून घ्या, कारण पुढची निम्मी उत्तरं यातूनच निघतात. त्यांच्या हातात अधिकार नसतो, पण त्या जिथं जातात तिथं जिल्ह्याचं लक्ष जातं. एखाद्या दुर्लक्षित वसतिगृहाला त्या तासभर भेट देतात तेव्हा जिल्हा परिषद, महापालिका, पत्रकार सगळे त्या वसतिगृहात येतात. संस्थेला खरा उपयोग होतो तो याचा.

मग कायद्यानं त्यांना काय मिळतं?

राज्यपालांचं वेतन, भत्ते आणि सोयी १९८२ च्या केंद्रीय कायद्यानं ठरतात. वेतन सध्या दरमहा ३ लाख ५० हजार रुपये आहे. निवासस्थानाला भाडं नसतं आणि वैद्यकीय उपचारांची सोय कुटुंबीयांनाही मिळते. जोडीदाराला वेगळं मानधन किंवा वेगळा निधी नसतो. राज्यपालांच्या स्वेच्छानुदानातून मदत हवी असेल तर अर्ज राज्यपालांच्या सचिवांकडेच जातो. पत्नींनी कार्यक्रमात कौतुक केलं म्हणजे अनुदान मंजूर झालं, असं समजून कुणी पुढची बिलं काढू नयेत.

त्या नोकरी, व्यवसाय किंवा राजकारण करू शकतात का?

हो. लाभाचं पद न घेण्याचं बंधन राज्यपालांवर आहे, जोडीदारावर नाही. प्रतिभाताई पाटील २००४ ते २००७ राजस्थानच्या राज्यपाल होत्या. त्यांचे पती देवीसिंह शेखावत हे स्वतः अमरावतीचे आमदार आणि महापौर राहिलेले. वसंतदादा पाटील १९८५ मध्ये राजस्थानला राज्यपाल म्हणून गेले, त्याआधीच त्यांच्या पत्नी शालिनीताई महाराष्ट्रात मंत्री होऊन गेल्या होत्या. अशा पाहुण्यांची ओळख करून देताना फक्त ‘राज्यपालांच्या पत्नी’ एवढंच म्हणणं अपुरं आहे. त्यांचं स्वतःचं शिक्षण आणि काम लोकभवनाकडून (म्हणजे पूर्वीच्या राजभवनाकडून) मागवून घ्या आणि ओळखीत ते आधी सांगा.

राज्यपाल अविवाहित असतील तर?

तर ही भूमिका कुणीच निभावत नाही. भगतसिंह कोश्यारी २०१९ ते २०२३ इथं राज्यपाल होते, ते अविवाहित. विजयालक्ष्मी पंडित १९६२ मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या, तेव्हा त्यांचे पती रणजित पंडित जाऊन १८ वर्षं झाली होती. कारभाराचं काही अडत नाही.

त्यांचं रोजचं काम काय असतं?

घर आणि पाहुणचार, पण हे घर फार मोठं असतं. महाराष्ट्रात राज्यपालांची निवासस्थानं चार : मुंबईत मलबार हिल, पुणे, नागपूर आणि महाबळेश्वर. (‘राजभवन’ हे नाव बदलून २०२५ च्या अखेरीस ‘लोकभवन’ झालं. जुन्या लेटरहेडवरून पत्ता उतरवून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.) परदेशी पाहुणे, राष्ट्रपतींचे दौरे, शपथविधी, स्वातंत्र्यदिन आणि प्रजासत्ताक दिनाचे स्वागत समारंभ यांत त्या यजमान असतात. भारतीय रेड क्रॉसच्या राज्य शाखेचे अध्यक्ष राज्यपाल असतात, त्यामुळे आरोग्य आणि सेवाकार्याच्या कार्यक्रमांना पत्नींनी जाण्याची प्रथा बऱ्याच राज्यांत आहे. त्यापलीकडं ज्याची त्याची आवड. कुणी शाळांत रमतं, कुणी हस्तकलेत, आणि कुणाला सार्वजनिक जीवन नकोच असतं. तेही चालतं. नकार आला म्हणून रागावण्याचा हक्क आपल्याला नाही.

ही प्रथा आली कुठून?

बऱ्याच अंशी ब्रिटिश काळातून. व्हाइसरॉय डफरिन यांच्या पत्नींनी १८८५ मध्ये स्त्रियांना स्त्री-डॉक्टर मिळाव्यात म्हणून निधी उभा केला. त्यानंतर गव्हर्नरांच्या पत्नींनी दवाखाने, परिचारिका, सैनिकांची कुटुंबं यांच्या कामाला नाव देण्याचा रिवाज पडला. त्या काळचा झगमगाट मात्र आपण उचलायला नको. आपल्या शिवाजी चौकात पूर्वी मुंबईचे गव्हर्नर विल्सन यांचा पुतळा होता आणि १९४२ च्या चळवळीत भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हावीरे या दोघींनी त्यावर डांबर ओतलं. त्या गावात आजच्या पाहुण्यांपुढं मुलींना तासभर उन्हात रांगेत उभं करणं शोभत नाही.

निमंत्रण कुणाला पाठवायचं?

पत्र राज्यपालांच्या सचिवांना लिहायचं : लोकभवन, मलबार हिल, मुंबई ४०० ०३५. एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाला, म्हणजे नागाळा पार्कात, द्या. तिथं राजशिष्टाचाराचं काम बहुधा निवासी उपजिल्हाधिकारी पाहतात. आमदार-खासदारांचं शिफारसपत्र जोडायला हरकत नाही, पण त्यानं सुरक्षेची तपासणी टळत नाही आणि कार्यक्रमाला पक्षाचा वास लागला तर होकार मिळण्याची शक्यता उलट कमी होते.

पत्र दोन पानांच्या वर नको. संस्थेचा नोंदणी क्रमांक, विश्वस्तांची नावं, कार्यक्रम नक्की कसला, त्यांनी करायचं काय (उद्घाटन, पारितोषिकं, नुसती भेट), एकूण वेळ, अपेक्षित संख्या, सभागृहाचा पत्ता आणि उजळाईवाडी विमानतळापासूनचं अंतर, मंचावरच्या बाकीच्यांची नावं, दोन पर्यायी तारखा आणि सतत फोन उचलणारी एक व्यक्ती. एकच व्यक्ती. अध्यक्षांनी एक वेळ सांगितली आणि सचिवांनी दुसरी, की तिथंच विश्वास उडतो. राज्यपालांना आणि पत्नींना दोघांना बोलवायचं असेल तर तेही स्पष्ट लिहा. ‘सपत्नीक यावे’ एवढ्यावर त्यांचा स्वतंत्र कार्यक्रम ठरत नाही.

किती आधी? आमचा सल्ला सहा ते आठ आठवडे. चार आठवड्यांच्या आत मागितलेली तारीख क्वचितच जमते.

कोणत्या तारखा मागू नयेत?

२६ जानेवारी आणि १ मे या दिवशी राज्यपाल मुंबईत शिवाजी पार्कवर असतात, १५ ऑगस्टला परंपरेनं पुण्यात. विधिमंडळाच्या वर्षातल्या पहिल्या अधिवेशनाची सुरुवात त्यांच्या अभिभाषणानं होते, तेही दिवस सोडा.

आपल्या बाजूनं पाहिलं तर नवरात्र, दसरा, जोतिबाची चैत्र यात्रा आणि गणपती विसर्जन यांच्या आगेमागे पोलीस मोकळे नसतात. मावळतीची किरणं अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात ते किरणोत्सवाचे दिवस, म्हणजे ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मंदिर परिसरात संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. आणि जुलै-ऑगस्ट शक्यतो टाळाच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी तिथं गेलं की सगळी यंत्रणा पूरग्रस्तांकडं वळते आणि वळलीच पाहिजे. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच बंद पडला होता. विमानालाही पावसाळी ढगांचा भरवसा नसतो.

त्या एकट्या आल्या तर राष्ट्रगीतानं मानवंदना द्यायची का?

नाही. राष्ट्रीय मानवंदना राष्ट्रपतींना आणि आपापल्या राज्यात राज्यपालांना आहे. राज्यपाल हजर नसताना पत्नींच्या आगमनाला ती देणं चूक. कार्यक्रमाचा भाग म्हणून राष्ट्रगीत जरूर म्हणा, पण पूर्ण म्हणा, साधारण ५२ सेकंदांत, आणि ध्वनिफीत आदल्या दिवशी त्याच स्पीकरवर लावून पाहा. मधेच अडकलेली फीत आणि ओशाळून उभं असलेलं सभागृह ही अगदी टाळता येण्यासारखी फजिती आहे. राष्ट्रगीत, राज्यगीत आणि बाकीच्यांचा क्रम लेखी घेऊन सूत्रसंचालकांच्या हाती द्या.

गाडीवरच्या तिरंग्याचंही तसंच. ध्वजसंहितेत ज्यांची नावं आहेत त्यांनाच तो मान आहे, कुटुंबीयांना नाही. लाल दिवा तर १ मे २०१७ पासून कुणालाच नाही.

बसवायचं कुठं?

सरकारी समारंभात कुणाचा मान आधी हे ठरवणाऱ्या १९७९ च्या अग्रक्रम तक्त्यात स्वतःच्या राज्यात राज्यपाल चौथ्या स्थानी येतात, मुख्यमंत्र्यांच्याही आधी. पत्नींचं वेगळं स्थान त्यात नाही. दोघं सोबत असले की त्यांना राज्यपालांच्या बरोबरीनं मान देण्याचा रिवाज आहे. त्या एकट्या आल्या तर आपल्या प्रमुख पाहुण्या म्हणून मधली खुर्ची त्यांची. मात्र पालकमंत्री किंवा न्यायमूर्तीही येणार असतील तर बैठकीचा आराखडा जिल्हाधिकारी कार्यालयाकडून मंजूर करून घ्या, मनानं ठरवू नका.

शिवाजी विद्यापीठाच्या दीक्षान्त समारंभात राज्यपाल कुलपती म्हणून येतात. तिथं पत्नींनी शैक्षणिक मिरवणुकीत चालायचं नसतं आणि व्यासपीठावरही बसायचं नसतं. पहिल्या रांगेत मधोमध जागा ठेवावी, शेजारी कुलगुरूंच्या घरच्या किंवा एखाद्या ज्येष्ठ प्राध्यापिका असाव्यात आणि त्यांना कार्यक्रमाची रूपरेषा हातात मिळावी. दोन तास अनोळखी माणसांत गप्प बसून राहावं लागणं हा पाहुणचार नव्हे.

इतर कार्यक्रमांत मंचावर पाच ते सात खुर्च्या पुरतात. त्यापुढं स्वागतालाच अर्धा तास जातो.

पत्रिकेवर नाव कसं छापायचं?

संमतिपत्रात आलंय तसं, अक्षर न बदलता. सौ. की श्रीमती यावर आपल्याकडं गैरसमज होतो, म्हणून छापण्याआधी मजकूर मुंबईला पाठवून होकार घ्या. ‘महामहिम’ नको. राष्ट्रपती भवनानं २०१२ मध्येच अशी संबोधनं बाजूला ठेवली, ‘माननीय’ पुरेसं आहे. माइकवरून ‘वहिनीसाहेब’ही नको. कोल्हापुरात आपण ते प्रेमानं म्हणतो, पण परराज्यातून आलेल्या पाहुण्यांना ते कळणार नाही.

स्वागताला काय द्यावं? ओटी भरावी का?

हार एक, तोही नसला तरी चालेल. गूळ, एखादं चांगलं पुस्तक, आपल्या सभासदांनी केलेली वस्तू, एवढ्यात स्वागत देखणं होतं. कोल्हापुरी चप्पल द्यायची तर माप आधी मागवा. सोन्याचा साज, चांदीच्या मोठ्या वस्तू आणूच नका. महागडी भेट परत येऊ शकते, आणि तो अवघडलेपणा दोन्ही बाजूंना होतो. पती पाहुणे असतील तर फेटा बांधावा. बांधणाऱ्याला दोन-तीन मिनिटं लागतात, ती कार्यक्रमात धरा.

ओटीबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. पाहुण्यांना विचारून, चालत असेल तर भरा, पण भरायला फक्त सवाष्णींनाच पुढं बोलावू नका. विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये केला आणि सरकारनं तो पुढं राज्यभर नेला. त्याच जिल्ह्यात, सार्वजनिक मंचावर, आपल्याच संस्थेची एखादी कार्यकर्ती मागं उभी राहिली तर कार्यक्रम कितीही चांगला होवो, तो तिच्यासाठी झालेला नसतो.

बचत गटाची किंवा कारागिरांची भेट कशी आखावी?

आमच्या मते कोल्हापुरात ठेवण्यासारखा सगळ्यात चांगला कार्यक्रम हाच. उदाहरणार्थ, चपलांचं काम दाखवायचं आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तळ आणि कान पुरुष कापतात, पण पट्ट्यावरची चामड्याची वेणी गुंफायचं काम बहुतेक घरांत बायकाच करतात. ते दाखवा. भाषणं बाजूला ठेवून ४० मिनिटं अशी धरता येतील : ५ मिनिटं स्वागत, २० मिनिटं प्रत्यक्ष काम, १० मिनिटं बायकांशी बोलणं, ५ मिनिटं फोटो.

कारागीर जमिनीवर बसून काम करतात, तर त्यांना खुर्च्या-टेबलावर बसवू नका. हात नीट चालत नाहीत आणि सगळं खोटं वाटतं. पाहुण्यांसाठी शेजारी एक बुटकं स्टूल ठेवा, त्यावर बसलं की वेणीचे पदर कसे एकाखाली एक जातात ते डोळ्यांसमोर येतं. एक वेणी अर्धी गुंफलेली तयार ठेवा, म्हणजे त्यांना स्वतः दोन वेढे घालून बघता येतील.

इथं एक अडचण हमखास येते. रापी आणि आरी ही धारदार हत्यारं आहेत, आणि श्वानपथक, बॉम्बशोधक पथक तासभर आधी तपासणीला आलं की ती उचलून बाजूला ठेवायला सांगतं. मग पाहुणे येतात तेव्हा बायका रिकाम्या हातानं बसलेल्या असतात. म्हणून हत्यारांची यादी संख्येसह चार दिवस आधी पोलिसांच्या विशेष शाखेला द्या आणि ती कोण वापरणार त्यांची ओळखपत्रं जोडा. हुपरीच्या चांदीकामात गॅसची शेगडी असते, तिथं अग्निशमन विभागालाही आधी सांगावं लागतं.

बोलताना अधिकाऱ्यांनी किंवा अध्यक्षांनी मधे पडू नये. हिंदी-मराठी दोन्ही सहज बोलणारी गटातलीच एक मुलगी दुभाषी म्हणून शेजारी ठेवा. राज्यपाल बहुधा दुसऱ्या राज्यातले असतात. आपले डी. वाय. पाटील त्रिपुरा आणि बिहारला गेले, तसेच तिकडचे इकडं येतात. त्यामुळं मराठी कळेलच असं नाही. बायकांना उत्तरं पाठ करून देऊ नका. एका जोडीला किती दिवस लागतात, मजुरी किती पडते, पावसाळ्यात चामडं वाळत नाही तेव्हा काय करता, हे त्या कुणाहीपेक्षा चांगलं सांगतात.

निवेदन देता येईल का?

द्या, पण मंचावर नाही. कार्यक्रमाआधी सोबतच्या अधिकाऱ्यांना सांगून, एक पान, मागणी एकच, आणि वर ‘मा. राज्यपाल यांचे सचिव’ असा उल्लेख. बदली, कोर्टातला दावा, जमिनीचा वाद घेऊन त्यांच्यापुढं जाऊ नका. त्यांना त्यात काही करता येत नाही, आणि अशा एका प्रसंगानंतर पुढच्या दहा संस्थांच्या भेटी आखडतात.

अंबाबाईचं दर्शन कोण ठरवतं?

देवस्थान समिती आणि जिल्हाधिकारी कार्यालय, संस्था नव्हे. दर्शन बहुधा सकाळी लवकर ठेवतात, म्हणजे रांगेतल्या भाविकांना थांबावं लागत नाही. महाद्वाराकडचे रस्ते अरुंद, त्यामुळं ताफा लहान असतो. संस्थेचे दोघे सोबत असले तरी पुष्कळ. दर्शन आणि तुमचा कार्यक्रम यांत किमान पाऊण तासाचं अंतर ठेवा.

जेवण?

आधी विचारा : शाकाहारी का, कांदा-लसूण चालतो का, उपवास आहे का, पथ्य काय. तांबड्या-पांढऱ्याचा आग्रह नको. त्या मुक्कामाला सर्किट हाउसवर असतील तर जेवण तिथलंच असतं. तुमच्याकडं फक्त चहा-फराळ ठेवा. बनवणाऱ्यांची नावं आधी द्यावी लागतात आणि पदार्थांची तपासणी होते, म्हणून आयत्या वेळी कुणी घरून डबा आणू नये.

संस्थेकडून सगळ्यात जास्त काय चुकतं?

वेळ. पाहुण्या ११ वाजता येणार म्हणून मुलींना ८ वाजता आणून बसवतात. पाणी नाही, स्वच्छतागृहाला कुलूप, कारण तिथं तपासणी झालेली असते. सभागृह सील होण्याची वेळ पोलिसांकडून नक्की करून घ्या आणि मुलांना त्याच्या अर्धा तास आधीच आणा. एक स्वच्छतागृह सील न करता पोलीस बंदोबस्तात सुरू ठेवायची मागणी लेखी करा. ती मान्य होते.

मंडपाचं मजबुती प्रमाणपत्र शेवटच्या दिवशी मागायला जाणं ही दुसरी चूक. सार्वजनिक बांधकाम विभागाचे अभियंते उभा मंडप बघूनच ते देतात, म्हणून मंडप आदल्या दिवशी दुपारपर्यंत उभा हवा. जनरेटर हवा आणि तो चालवणारा माणूसही जागेवर हवा. आणि फोटोसाठी मंचावर चढणारे. नावं ठरवून, पाच-सहा गट करून, प्रत्येकाला जागा दाखवून ठेवली तर दहा मिनिटांत उरकतं.

दौरा आयत्या वेळी रद्द झाला तर?

होतो. कारण विचारत बसू नका आणि पत्रकारांशी तक्रारीच्या सुरात बोलू नका. कार्यक्रम ठरल्या वेळी सुरू करा. पारितोषिकं द्यायला गावातल्या एखाद्या ज्येष्ठ बाईंना आधीच विनंती करून ठेवलेली असावी, आणि ती त्यांना पर्यायी म्हणून नव्हे, कार्यक्रमातल्या पाहुण्या म्हणूनच केलेली असावी.

भेटीनंतर काय पाठवायचं?

आठवड्याच्या आत आभाराचं एक पानी पत्र, चार-पाच छायाचित्रं आणि भेटीत बोलल्या गेलेल्या गोष्टींपैकी पुढं काय झालं त्याची दोन ओळींत नोंद. सहा महिन्यांनी पुन्हा एकदा तेवढंच कळवा : वसतिगृहाचा जिना दुरुस्त झाला की नाही, गटाला ऑर्डर मिळाली की नाही. पत्र सचिवांच्याच नावे पाठवायचं, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना.